दिसणारं काहीतरी मागा की

बेळगावात निवेदन देण्याला कोणी आंदोलन वगैरे म्हणत नाही, ती सवय आहे. गटार तुंबलं, निवेदन. खानापूरची बस वेळेवर सुटत नाही, निवेदन. सरकारी परिपत्रकं मराठीतही द्या, हे निवेदन तर माझ्या वडिलांच्या पिढीपासून चालूच आहे, त्याचा मजकूर झोपेत विचारला तरी सांगता येईल आम्हाला. चन्नम्मा चौकातून डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, शिरायचं, बाहेर थांबायचं, साहेब आले की पाच-सहा जणांनी पुढे व्हायचं, कागदाचं एक टोक साहेबांच्या हातात आणि एक आपल्या हातात असताना फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला की काम निम्मं झालं असं समजायचं. उरलेलं निम्मं होतंच असं नाही, पण त्याचं दुःख आम्ही कधीच सोडून दिलंय.

आमच्या गल्लीत निवेदन लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माझ्यात फार काही गुण आहेत म्हणून नव्हे, 'महोदय' पासून 'आपले विश्वासू' पर्यंत न अडखळता लिहिता येतं आणि कन्नडमध्येही कामापुरतं खरडता येतं, म्हणून. त्यामुळे काहीही झालं की लोक येतात, 'तेवढं एक लिहून दे की गा'. यावेळी मात्र कोणी न सांगता मीच एक लिहायला घेतलंय. मागणी अशी की कॅन्सरवरच्या संशोधनाला केंद्र सरकारने जास्त पैसे द्यावेत, आणि त्यातले थोडे तरी आमच्या भागाच्या प्रश्नांवर खर्च व्हावेत. लोक कागद वाचतात, मग माझ्याकडे बघतात, मग परत कागदाकडे.

आमचा भाग म्हणजे काय ते आधी सांगतो. निपाणी. तंबाखूचं गाव. १९८१ साली शरद जोशींनी तंबाखूच्या भावासाठी जे आंदोलन केलं ते याच गावाजवळ, पुणे-बेंगलोर हायवे अडवून शेतकरी आठवड्यांमागून आठवडे बसले होते आणि एप्रिलमध्ये गोळीबार होऊन माणसं गेली. म्हणजे तंबाखूसाठी रस्त्यावर उतरायची आणि मरायचीसुद्धा परंपरा आहे आमच्याकडे, तिच्याबद्दल मला आदरच आहे, कारण त्या शेतकऱ्याच्या पानाला भाव मिळत नव्हता हे खरंच होतं. वखारीत काम करणाऱ्या बायका, घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, त्यांच्या मजुरीचे लढे, हे सगळं याच गावात झालं. माझी आत्या त्यातलीच. ती विड्या वळायची आणि सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची.

मिसरी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तंबाखू तव्यावर टाकून काळी होईपर्यंत भाजायची, मग हाताने चुरून बारीक करायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना घरभर असा काही ठसका उठतो की आम्ही पोरं ओट्यावर पळायचो आणि मांजर माळ्यावर. आत्या मात्र त्या धुरात पदर नाकाला लावून बसलेली, उलथन्याने खालवर करत, आणि रंग बरोबर आला की नाही ते बघायला चिमूटभर उचलून तळहातावर चोळून बघायची. मग डाव्या हाताचं बोट दातांवरून फिरवत अर्धा-अर्धा तास दारात बसायची. त्या वेळात ती कोणाशी बोलायची नाही, फक्त मान हलवायची आणि मधूनच अंगणाच्या कडेला थुंकायची. दात स्वच्छ राहतात म्हणायची. पोट साफ होतं म्हणायची. खरं म्हणजे दिवसभरात तिचा स्वतःचा असा तेवढाच वेळ होता, असं मला आता वाटतं.

तिला काही झालं नाही, ती म्हातारी होऊन गेली. झालं ते माझ्या मामाला, गालात तंबाखू धरायची सवय, ती पण चुना जास्त लावून. गालाच्या आत पांढरा चट्टा, मग जखम, मग मिरजेला तपासणी. आमच्याकडचे लोक मिरज-कोल्हापूरला जातात, कोणी हुबळीला, कोणी बेंगलोरला किदवईला, आणि जमत असेल तर मुंबईला टाटाला. मामाचं लवकर लक्षात आलं होतं, गाठ लहान होती, मानेत काही हाताला लागत नव्हतं. तरी डॉक्टर म्हणाले गालाचं काढताना मानेतल्या गाठीपण काढणार, म्हणजे प्रत्येकाच्या मानेत असतात त्या लसिका गाठी, कॅन्सर पसरला तर आधी तिथे जातो. मामा खवळलाच. 'डॉक्टर, झालंय गालाला, मग मान कशाला कापूलाय?'

हा प्रश्न अडाण्याचा वाटतो ना? जगभरचे सर्जन याच प्रश्नावर कित्येक वर्षं भांडत होते. मानेत काही दिसत नसताना तिथल्या गाठी आधीच काढायच्या, की थांबायचं आणि तिथे कॅन्सर आला तरच काढायच्या? दोन्ही बाजूंनी मोठमोठी माणसं. मान उघडली की खांदा आखडतो, हात वर जात नाही, व्रण राहतो, मग उगाच का करायचं, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणंही काही खोटं नव्हतं. याचा निकाल लावला मुंबईच्या टाटा मेमोरियलने. डॉ. अनिल डीक्रूझ आणि त्यांच्या टीमने २००४ पासून दहा वर्षं रुग्ण घेतले, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले आणि २०१५ साली निकाल छापला. पहिल्या ५०० जणांचा हिशोब असा निघाला की थांबलेल्या गटात तीन वर्षांनी शंभरातले साधारण ६७ जण जिवंत आणि आधीच गाठी काढलेल्या गटात ८०. म्हणजे दर आठ माणसांमागे एक जीव. तोंडाच्या कॅन्सरचे जगातले साधारण एक तृतीयांश रुग्ण भारतात, तेव्हा हा अभ्यास इथे नाही करायचा तर काय नॉर्वेत करायचा? तिथे एवढे रुग्ण गोळा करायला शंभर वर्षं लागतील.

मामाच्या कानामागून गळ्यापर्यंत व्रण आहे. दाढी करताना वस्तरा तिथे अडकतो म्हणून तो अजून शिव्या घालतो. पण शिव्या घालायला आहे.

आता यात मजा बघा. टाटा हॉस्पिटल १९४१ साली टाटा ट्रस्टने उभं केलं, १९५७ ला केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याखाली आहे. होय, अणुऊर्जा. भाभांची दूरदृष्टी म्हणा, पण त्याचा परिणाम असा की देशातल्या सगळ्यात मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलचा पैसा आरोग्याच्या बजेटमध्ये शोधायला गेलात तर सापडतच नाही, तो अणुभट्ट्यांच्या शेजारी बसलेला असतो. मी निवेदनात आधी फक्त आरोग्यमंत्र्यांचं नाव घातलं होतं, मग हे वाचल्यावर अणुऊर्जा खातंपण घातलं. माझा एक मित्र म्हणाला, कॅन्सरचं निवेदन अणुबॉम्बवाल्यांना पाठवतोस? म्हटलं, हो.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांनी १९९१ साली एकत्र येऊन संघटना बांधली, लाखांनी पत्रं पाठवली, आणि १९९२ साली त्यांच्या संसदेने २१ कोटी डॉलर मंजूर केले ते कुठल्या बजेटमधून, तर संरक्षण खात्याच्या. आरोग्याच्या डब्यात जागा नव्हती, लष्कराच्या डब्यात होती, बायका म्हणाल्या चालेल. वर त्या एवढं घेऊन गप्प बसल्या नाहीत, कुठला अभ्यास निवडायचा त्या समितीत शास्त्रज्ञांच्या मांडीला मांडी लावून रुग्ण बायकापण बसणार हे कबूल करून घेतलं. हे मला सगळ्यात भारी वाटतं. पैसे मागणं सोपं आहे, पैसे कशावर खर्च होणार ते ठरवायला खुर्ची मागणं अवघड.

त्याच्या आधीची गोष्ट तर अजून गमतीची. मेरी लास्कर म्हणून एक श्रीमंत बाई होत्या, डॉक्टर नव्हत्या की शास्त्रज्ञ नव्हत्या, पण खासदारांना कसं पिळायचं ते पक्कं ठाऊक. त्यांच्या गोटाने १९६९ साली पेपरात राष्ट्राध्यक्षांना उद्देशून पानभर जाहिरात दिली, निक्सनसाहेब, कॅन्सर तुम्ही बरा करू शकता, अशा थाटाची. मग १९७१ साली अॅन लँडर्स या सल्ला देणाऱ्या लेखिकेने, म्हणजे नवरा-बायकोची भांडणं सोडवणारं सदर हो, त्या सदरात वाचकांना सांगितलं की आपल्या सिनेटरला पत्र लिहा. एवढी पत्रं आली की ऑफिसातले कारकून वैतागले. त्या वर्षी २३ डिसेंबरला निक्सनने कॅन्सर संशोधनाला पैसा देणाऱ्या कायद्यावर सही केली. यात एक गोष्ट मात्र खटकते. त्या लोकांनी वचन फार मोठं दिलं होतं, पाच-सात वर्षांत कॅन्सरचा निकालच लावू म्हणून. तसलं काही झालं नाही, होणारच नव्हतं, आणि नंतर टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. म्हणून माझ्या कागदावर 'कॅन्सरमुक्त भारत' हे शब्द नाहीत. एकाने घालायला सांगितलं होतं, जोरदार वाटतंय म्हणाला. नाही घातलं.

सह्या घ्यायला लागल्यावर खरी मजा कळली. आमच्या शहापुरातल्या एका ओळखीच्या काकू, हातमागाच्या घरातल्या, त्यांच्या नणंदेला ब्रेस्ट कॅन्सर झालेला, म्हटलं या तर लगेच सही करतील. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि थांबल्या. 'सही करतो की, पण यातून काय मिळणार तेवढं सांगा. मशीन येणार काय? औषध फुकट होणार?' म्हटलं मशीन नाही काकू, संशोधन. 'म्हणजे कधी?' दहा वर्षं लागतील, पंधरा लागतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काय मी चिट फंडाची पावती फाडायला आलोय.

त्यांना मी त्या इंजेक्शनची गोष्ट सांगितली. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन करायच्या आधी सात-दहा मिनिटं गाठीच्या भोवती भूल द्यायचं साधं औषध टोचायचं, लिडोकेन, तेच आपल्याला दात काढताना देतात त्या जातीचं. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि देशातल्या ११ सेंटर्सनी मिळून सुमारे १,६०० बायकांवर हा अभ्यास केला, २०११ पासून, आणि पाच वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ वर गेलं. खर्च? शंभरेक रुपये. काकू म्हणाल्या, एवढं स्वस्त आहे तर मग सगळीकडे का नाही करत? आता हा खरा प्रश्न. शंभर रुपयाच्या इंजेक्शनची जाहिरात कोण करणार, त्यात कोणाला नफा आहे? आणि असला अभ्यास करायला कुठली कंपनी दहा वर्षं पैसा घालणार? हा पैसा अणुऊर्जा खात्याचा, म्हणजे आपला होता. काकूंनी सही केली, वर नणंदेचं नाव पण घातलं, आणि पत्ता लिहिताना 'बेळगाव' लिहू की 'बेळगावी' म्हणून विचारलं. म्हटलं काकू, तुम्हाला जे वाटतं ते लिहा, तो वेगळा विषय आहे.

मला जे म्हणायचंय ते हेच आहे खरं तर. पैसे ज्याचे, प्रश्न त्याचा. महागडं नवीन औषध चालतं का, हा प्रश्न विचारायला कंपन्या बसल्यात, विचारू देत, त्यातूनच चांगली औषधं पण येतात. पण तेच औषध कमी दिलं तरी चालेल का, हा प्रश्न कंपनी कशाला विचारेल? टाटामध्ये विचारला. निवोलुमॅब म्हणून इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध आहे, भयंकर महाग, नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी. त्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी देऊन बघितलं, डोकं-मान भागाच्या पुढच्या स्टेजच्या रुग्णांना, सोबत स्वस्तातल्या गोळ्या. एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर शंभरात १६ होतं ते ४३ झालं. ज्याच्या घरात दागिने मोडून केमोचे पैसे भरलेत त्याला २४० आणि २० मधला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि आपण पैसे घातले नाहीत तर? तर दुसरे घालतात, आणि आपल्याकडे अभ्यास होतात पण ठरतात तिकडे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाख बायकांवर अभ्यास झाला, दहावी पास आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखं पातळ अॅसिड लावून गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करायची, त्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पैसे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचे. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव, बार्शीच्या हॉस्पिटलने सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला, २००९ ला निकाल आला की एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने, म्हणजे हाच कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या तपासणीने, मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगभर त्यावरून धोरणं बदलली. पैसे गेट्स फाउंडेशनचे.

लांब कशाला, आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, कॅन्सरचा नाही पण सांगतो, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या नर्सबाईंनी दिल्या तर उपयोग होतो का याचा अभ्यास झाला होता. १,६२० बायका. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचं काम, इथल्या नर्सबाईंचं काम, इथल्या बाया. आणि पैसा परत अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा आणि गेट्सचा. मी हे गल्लीत सांगितलं तर कोणाला माहीतच नव्हतं. बेळगावचा कुंदा कुठे कुठे पोचला ते सगळ्यांना माहिती, बेळगावच्या खेड्यातल्या बाळंतिणींमुळे जगात काय बदललं ते नाही.

त्या परदेशी पैशाला नावं ठेवायची नाहीयेत मला. जीव वाचले ना. पण उद्या तिकडच्या सरकारने हात आखडता घेतला की इथलं काम थांबतं, आणि मिसरीसारखी गोष्ट त्यांच्या यादीत येणारच नाही, का येईल? तिकडे कोण मिसरी भाजतंय? चाळीस वर्षं मिसरी लावलेल्या बाईने साठीला सोडली तर तिचा धोका किती उतरतो, सोडवायची तर कशी, निकोटीनच्या गोळ्या परवडत नाहीत मग काय द्यायचं, वखारीत धुळीत आयुष्य गेलेल्या बायकांचं पुढे काय होतं, हे प्रश्न फक्त आपल्यालाच पडू शकतात. एका बाजूला गंमत अशी की निपाणीत तंबाखूवर संशोधन करायला सरकारी केंद्र आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं, विडी तंबाखूच्या सुधारित जाती काढतात, एका जातीचं नाव वेदगंगा, आमच्या नदीचं. शेतकऱ्यासाठी ते हवंच, माझी तक्रार नाही. पण पान चांगलं कसं येईल यावर सरकार पैसे घालतं, तर ते पान गालात गेल्यावर काय होतं यावरही त्याच गावात घालायला काय हरकत आहे?

आकडे बघायचे तर २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये आरोग्य मंत्रालयाला साधारण ९९ हजार ८०० कोटी आणि त्यातले आरोग्य संशोधन विभागाला सुमारे ३,९०० कोटी. शंभर रुपयातले चार. त्यात कॅन्सर, टीबी, मलेरिया, सगळंच. देश सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. आणि इन्कम टॅक्स भरणारा प्रत्येकजण त्या टॅक्सवर ४ टक्के हेल्थ अँड एज्युकेशन सेस भरतो, २०१८ पासून. पगाराच्या स्लिपवर बघा. मी माझ्या ऑफिसातल्या लोकांच्या सह्या त्या सेसवर घेतल्या, तिथे कोणी 'काय मिळणार' विचारलं नाही, सगळे म्हणाले आपलेच पैसे आहेत, मागू की.

त्याच बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा हॉस्पिटलांत कॅन्सरची डे केअर सेंटर्स काढायचं जाहीर झालं, त्या वर्षात २००. चांगलं आहे, केमोसाठी पहाटेची बस पकडून शंभर किलोमीटर जाणाऱ्याला विचारा. पण बघा, जे दिसतं ते मिळतं. आमच्या भागात तर यावर दोन सरकारं भांडलीसुद्धा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावर कर्नाटकातून केवढा गदारोळ. आमच्या उपचाराचे पैसे कोण देणार यावर मुंबई आणि बेंगलोर भांडतात, कौतुकच आहे. आमच्या रोगाचा अभ्यास कोण करणार यावर एकदा तरी भांडा की.

हे मी एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात बोललो. तिथले पीए माणूस सज्जन, चहा दिला, कागद पूर्ण वाचला, असं कोणी करत नाही. मग म्हणाले, 'तुमचं बरोबर आहे हो, पण यात उद्घाटन कशाचं करायचं? अॅम्ब्युलन्स मागा, स्कॅनिंग मशीन मागा, दिसणारं काहीतरी मागा की.' मला राग यायला पाहिजे होता, आला नाही, कारण तो माणूस खरं बोलत होता. फीत कापायला काहीच नाही यात. दहा वर्षांनी एक निकाल छापून येणार, इंग्लिशमध्ये, आणि त्याने मिरजेतला एखादा डॉक्टर एखाद्या मामाची मान उघडायची की नाही ते ठरवणार. याचा फोटो कसा काढणार?

पण मग मी त्यांना म्हटलं की प्रश्न तरी विचारायला लावा साहेबांना. लोकसभेत लेखी प्रश्न, कॅन्सर संशोधनावर गेल्या पाच वर्षांत किती खर्च, कुठल्या कॅन्सरवर, कुठल्या राज्यात. उत्तर छापील येतं, मंत्र्याच्या नावाने येतं, ते घेऊन पुढचं निवेदन लिहिता येतं. ते पीएंना पटलं, प्रश्न विचारला की पेपरात बातमी येते ना. म्हणजे दिसणारं काहीतरी सापडलं शेवटी.

तर आता कागद असा झालाय. कॅन्सर संशोधनाचा पैसा वेगळा दाखवा, आरोग्य आणि अणुऊर्जा दोन्हीकडचा एकत्र, म्हणजे आम्हाला कळेल किती आहे. तो दरवर्षी वाढवा. निपाणी-चिकोडीच्या तंबाखू पट्ट्यात कॅन्सरची गावोगाव नोंदणी होऊ दे, देशात अशी नोंदणी लोकसंख्येच्या लहानशा हिश्श्याचीच होते आणि नोंद नसेल तर रोग आहे हेच सिद्ध करता येत नाही. मिसरीवर अभ्यास. आणि बेळगावातच नेहरू नगरला आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आहे, पारंपरिक औषधांची, ती केंद्राचीच आहे, तिला आणि इथल्या मेडिकल कॉलेजांना त्यात घ्या. शेवटी खुर्चीची मागणी, पैसे कशावर घालायचे त्या समितीत तंबाखू पट्ट्यातले रुग्ण आणि विडी कामगार बाया असू देत. या शेवटच्या कलमावर आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड गुरुजींनी नाक मुरडलं, 'त्यांना काय कळतंय त्यातलं?' म्हटलं गुरुजी, मामाला मानेचा प्रश्न पडला होता, तुम्हाला पडला होता काय?

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आलं की बाहेर तंबू पडतात, आशा ताई, शेतकरी, अंगणवाडीच्या बाया, तिथेही एक कोपरा धरायचा विचार आहे, राज्य सरकारला पण थोडं टोचायला हवं. पण मुख्य कागद दिल्लीला. मराठी, कन्नड आणि इंग्लिश, तिन्ही मसुदे तयार आहेत, कन्नडचा माझ्या ऑफिसातल्या एका दोस्ताने नीट करून दिला, माझं कन्नड वाचून तो आधी पोट धरून हसला होता. एक प्रत खासदारांना, एक आरोग्याच्या संसदीय स्थायी समितीला राज्यसभेच्या सचिवालयाकडे, एक अणुऊर्जा खात्याला. ज्याला पाहिजे त्याने मसुदा मागून घ्या, नाव बदला, आपल्या गावचे प्रश्न घाला, कारवारवाल्यांचे वेगळे असतील, बिदरवाल्यांचे वेगळे. फक्त खासदार बघून पाठवा. निपाणी चिकोडीत येतं, बेळगाव शहर बेळगावात, आणि खानापूरवाल्यांनो, तुमचे खासदार उत्तर कन्नडचे, मागच्या वेळी रेल्वेच्या निवेदनाला तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी बेळगावच्या पत्त्यावर पोस्ट टाकलं होतं.